डोंगरावरची वाइन आणि मथुराकाकींचं नाक

मित्रांनो, आधी एक सांगून टाकते. मी तुम्ही प्यायची वस्तू नव्हे. मी लाल वाइन, म्हणजे द्राक्षांची दारू. मोठ्यांनीसुद्धा बेतानेच घ्यावी अशी. पण माझी हकिकत ऐकायला वयाची अट नाही.

माझा जन्म चीनमधल्या युन्नान प्रांतातला. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटर उंच डोंगर, समोर बर्फाची शिखरं, खाली खोल दरीत नदी. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या लहान लहान बागा. तिथे दिवसा ऊन कडक आणि रात्री थंडी, त्यामुळे द्राक्षं पिकायची घाई करत नाहीत. नोव्हेंबर लागला तरी आम्ही वेलीवरच होतो. मग डोल्मा नावाच्या बाईने आम्हाला कात्रीने एकेक घड करून उतरवलं आणि पाठीवरच्या टोपलीतून खाली नेलं. पुढे दीड वर्ष मी लाकडी पिंपात, अंधारात पडून होते. मग बाटली, बूच आणि लेबल. त्या साली माझ्यासारख्या बाटल्या थोड्याच झाल्या. बहुतेक जणी मोठमोठ्या हॉटेलांत गेल्या. मी रत्नागिरी जिल्ह्यात आले.

जयगडचा अजिंक्य मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. शांघायच्या बंदरात त्याच्या जहाजाचं इंजिन बंद पडलं. तीन दिवस खपून त्याने ते चालू केलं, तेव्हा तिथल्या एजंटाने खूश होऊन मला त्याच्या हातात ठेवलं. "गार जागी ठेवा, आडवी ठेवा," एवढंच तो म्हणाला. अजिंक्यने मान हलवली.

मे महिन्यात तो सुट्टीवर निघाला. मुंबईहून भाड्याची गाडी केली. वाटेत सावर्ड्याला जेवायला उतरला तेव्हा गाडी उन्हात, काचा बंद आणि मी मागच्या सीटवर. दीड तास गेला. मी तापले, फुगले, माझं बूच केसभर वर सरकलं आणि दोन थेंब बाहेर ओघळले. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या फटीतून पुढे हवा आत येत राहिली.

घरी मला शोकेसमध्ये उभं केलं. "चीफ इंजिनिअर झालो की फोडायची," असं म्हणून अजिंक्य परत जहाजावर गेला. वर्षभर पाहुणे माझ्या लेबलावरची चिनी अक्षरं न्याहाळून "भारी दिसते हो" म्हणायचे. बाहेरून मी होते तशीच होते. आतून आंबत होते.

त्याच घरात अजिंक्यची आई राहायची. सगळे त्यांना मथुराकाकी म्हणत. आंब्याची आढी लावावी तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. पेंढ्यात रचलेल्या हापूसवर नुसत्या वाकून त्या सांगायच्या, "भिंतीकडे, खालच्या थरात एक डागी आहे." हात घातला की तो निघायचाच. पाच वर्षांपूर्वी साथीचा ताप आला आणि त्यांचा वास गेला. ताप उतरला, वास काही परत आला नाही. आमटी करपली तरी कळेना. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." आढीचं काम घरचा गडी धोंडू बघू लागला. तो डोळ्यांनी बघायचा, आणि मुंबईला गेलेल्या पेट्यांत कुजके आंबे निघायचे. काकींना कोणी काही बोललं नाही. त्यांनीच आंब्याच्या खोलीत जायचं सोडलं.

पुढच्या मे महिन्यात अजिंक्य चीफ होऊन आला. रविवारी दुपारी त्याचा बंदरात नोकरीला असलेला मित्र समर्थ जेवायला आला. अजिंक्यची बायको मृणाली हिने ग्लास मांडले आणि माझं बूच निघालं.

"रंग बघ काय आहे!" समर्थ म्हणाला.

अजिंक्यने घोट घेतला. "जरा आंबट नाय वाटत?"

"महागातली वाइन अशीच असते. आपल्या जिभेला सवय नाय, म्हणून."

मृणालीने ग्लास ओठाला लावला आणि खाली ठेवला. "छान आहे," ती म्हणाली.

ही मला मिळालेली पहिली स्तुती, आणि ती खोटी होती. मला ते ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात मथुराकाकी तळलेल्या बांगड्यांची ताटली घेऊन आल्या आणि टेबलापाशी थबकल्या.

"काय आंबलंय रे इथे?"

"काही नाय आई, वाइन आहे ती."

"वाइन असूदे नायतर आणखी काय. आंबलंय ते. नाकाला बोचतंय."

"अगं आई, तुला काय कळ..." अजिंक्य हसत हसत म्हणाला आणि मध्येच थांबला. मृणालीने सासूच्या हातातली ताटली अलगद काढून घेतली.

"आई, तुम्हाला वास आला?"

काकींनी अजिंक्यचा ग्लास उचलून नाकाशी धरला. "शिरका झालाय ह्याचा. उन्हात ठेवलीत काय रे हिला?" मग त्यांनी बांगड्यांवर वाकून पाहिलं. काही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून पाहिलं. नुसता आंबट वास, त्यात हिंग नाही, मोहरी नाही. "एवढाच येतोय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. जहाजाची इंजिनं हाकणारा तो दांडगा अजिंक्य आईच्या पायाशी फरशीवर बसला.

त्या मात्र वळून चालू लागल्या. हातात ग्लास तसाच होता, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. आंब्याच्या खोलीत धोंडू पेंढा सारखा करत होता.

"काकी, तुम्ही?"

"सरक बाजूला."

मला खाली ठेवून त्या आढीवर वाकल्या. पिकल्या हापूसचा घमघमाट सगळ्या घरात भरला होता, पण त्यांच्यापर्यंत तो पोचत नव्हता. त्या तशाच वाकून हुंगत राहिल्या. मग गुडघ्यांवर एका कोपऱ्याकडे सरकल्या.

"इथे बघ. खालचा थर."

धोंडूने पेंढा सारला. देठाशी काळा पडलेला एक आंबा निघाला, रस गळत होता. त्याने तो त्यांच्या हातात दिला.

"पिकल्याचा वास नाय येत अजून," दाराशी उभ्या असलेल्या लेकाला काकी म्हणाल्या. "वाईट तेवढं कळतंय. आढीला तेवढं पुरतं."

त्या हंगामात त्यांच्या हातची एकही पेटी परत आली नाही. मला पुढे कोणी प्यायलं नाही. मृणालीने मला व्हिनेगरसारखं वापरून तांब्याचा हंडा घासला आणि तो लखलखीत निघाला. बाटलीच्या तळाशी चार घोट राहिलेत, ते काकींनी ओतू दिले नाहीत.

मित्रांनो, लांबून आलेली वस्तू उन्हात विसरू नका. आणि सगळे वाहवा करत असताना घरातलं कोणी "हे बिघडलंय" म्हणालं, तर हसण्याआधी ग्लास त्यांच्या हातात द्या.