जॅक की भुऱ्या

लटारूने भाताची दोन घमेली एकदमच पुढे सरकवली आणि मागे होऊन म्हणाला, "आता पाहा."

भुऱ्याने लगेच तोंड घातलं. तो बंजाऱ्यांच्या तांड्यातला, लांब पायांचा, हाडकुळा कुत्रा. जॅक मात्र कान टवकारून बसून राहिला. लटारूने "खा" म्हटल्यावरच उठला. तो अल्सेशियन, थेट नागपूरहून आणलेला.

रेंजरसाहेबांची बदली चांद्याला झाली होती. तिथल्या घराला आवार नव्हतं, म्हणून कुत्रे देऊन टाकायचे होते. एक मनसारामला, उरलेला लाकडाच्या ठेकेदाराला. मनसाराम दर साल बंगल्याच्या छपरावरची कवेलू फेरून देई, त्यामुळे पहिली निवड त्याची. साहेबांचा स्वयंपाकी लटारू दोघांचे गुण असे सांगत होता, जणू उपवर मुलंच दाखवतोय.

"भुऱ्या गरीब हाय. वासराइसंगं झोपते. पन बिबट आला त मांगं हटत नाई. जॅक हुशार, पन एकाच मानसाचं आयकते."

"भुऱ्याच द्या, भाऊ," मनसाराम म्हणाला. इतक्या घाईने, की लटारूने वळून त्याच्याकडे पाहिलं.

मनसारामची बायको देवकाबाई पायरीशी उभी होती. चैतात बिबट्याने त्यांची चार वर्षांची कमळी अंगणातून नेली, तेव्हापासून ती कुठे जात नसे. आज आपण होऊन आली. बाईने जीव सावरला, असं वाटून मनसारामला वाटभर बरं वाटलं होतं.

"नाक कोनाचं तेज हाय?" तिने विचारलं.

"जॅकचं," लटारू खुशीत म्हणाला. "साहेबाचा रुमाल जंगलात लपवा, कोसभरावरून हुडकून आनते."

देवकाबाईने काखेतली पुरचुंडी सोडली. आत कमळीचा झगा होता, न धुतलेला.

"हे हुंगवलं त सापडते का कमळी?"

लटारूचं हसू विरलं. त्याने मनसारामकडे पाहिलं. मनसाराम खाली मान घालून उभा होता.

शोधायला गेलेल्यांना काही सापडलं नाही, हे गावाला ठाऊक होतं. पण तिसऱ्या दिवशी मनसाराम एकटाच पुन्हा गेला, आणि नाल्यापलीकडे एका मोहाच्या झाडाखाली त्याला लेक सापडली. आईने पाहावं असं काही उरलं नव्हतं. त्याने तिथेच तिला पुरलं, नाल्यात अंघोळ केली आणि घरी येऊन सांगितलं, नाई सापडली. बायकोचं दुःख तेवढंच हलकं होईल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. झालं उलटंच. सापडली नाही म्हणजे कुठेतरी आहे, असं तिने मनाशी धरलं. लेकीच्या वाटचा भात ती रोज झाकून ठेवी आणि सकाळी गुरांना घाली. मनसाराम रोज पाही, आणि रोज सांगायचं उद्यावर ढकली. आता जॅक घरी आला, तर एक दिवस तो त्या मोहाखाली माती उकरणार, ही धास्ती त्याने घेतली होती.

"जॅकच नेतो," देवकाबाई म्हणाली.

"मधात पानकळा गेला, बाई. एवढ्या पान्यात वास कुठी राह्यते?" लटारू हळूच म्हणाला.

"नाई सापडली त दुसऱ्या रानात पाहीन. उमरभर पाहीन."

लटारूने साखळी तिच्या हाती दिली. तिने मनगटाला दोन वेढे घेतले आणि निघाली. कित्येक महिन्यांनी तिच्या चालीत हुरूप होता. मनसाराम तो पाहत मागून चालला. हिचा उरलेला जन्म असा रानोमाळ जाणार, आणि तो आपणच घालवणार.

फाटकाशी त्याने तिला थांबवलं. मनगटावरचे वेढे सोडवले आणि साखळी फाटकाच्या खांबाला अडकवली.

"काऊन?" तिने विचारलं.

"कुत्रा नाई लागत."

"मंग हुडकाचं कसं?"

"मी नेतो तुले," मनसाराम म्हणाला. "मले मालूम हाय."

देवकाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. जॅकने तिच्या हातातला झगा हुंगला, तरी तिचं लक्ष गेलं नाही. मनसारामला वाटलं, आता ही मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"कधीपासनं?"

"तिसऱ्या दिवसापासनं."

ती रडली नाही. आवाज मात्र फार बारीक झाला.

"खोल पुरलं का?"

"दगड ठेवले वरतं," तो म्हणाला. "मोठे मोठे."