अश्दोदची ओळ

त्या शनिवारी सकाळी खाडीकाठच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनागृहात, मवाब येऊन बसला होता. मवाब हे फार पूर्वीचं राष्ट्र. संदेष्ट्यांनी त्याच्यावर देवाचा निवाडा सांगितला आणि ते धुळीला मिळालं, हे हनोख अष्टमकरांना लहानपणापासून ठाऊक होतं. आता तो पहिल्या बाकावर बसून गुडघे चोळत होता. मागोमाग अदोम आला, अम्मोन आला, सोर आला तो समुद्राच्या पाण्याने निथळत. बाबेल, एलाम आणि केदार एकमेकांकडे न बघता बसले. निनवे दाराशी जरा घुटमळला आणि त्याने कोपरा धरला. प्रत्येक राष्ट्राचं एकेकच माणूस उरलं होतं.

हनोखना भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं. गावातले बाकीचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, केव्हाच इस्राएलला निघून गेले होते. सेगुलाबाई, त्यांची बायको, वारली त्याला वर्ष होत आलं, आणि तिच्यासाठी कद्दीश ही मृतांमागची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. ते काही जमत नव्हते. इस्राएलमधल्या अश्दोद शहरात राहणाऱ्या मुलाला, नफ्तालीला, त्यांनी फोनवर किती विनवलं, पण तो आपला "बघतो बाबा" यापलीकडे जात नव्हता. ही मंडळी आपल्यातली नव्हेत हे खरं. पण पवित्र ग्रंथात यांची नावं तर आहेत, तेवढी ओळख पुरे, अशी हनोखनी स्वतःची समजूत घातली.

"मला धरून नऊ झालो," ते म्हणाले. "आणखी एक आला की कद्दीश म्हणू."

"तोवर आमचं वाचून घ्या," मवाब म्हणाला. "आवाज ऐकून तोही येईल."

"तुमचं म्हणजे?"

"आमच्यावरचा निवाडा. कुणी मोठ्याने वाचल्याशिवाय आम्हाला पुरतं जाता येत नाही. फार काळ झाला हो."

हनोखनी संदेष्ट्यांच्या ग्रंथाची गुंडाळी उघडली, आणि तिथेच ते चुकले. त्यांच्या घराण्याची रीत होती की वाचायला घेतलं की थांबायचं नाही, एक शब्दही गाळायचा नाही. मवाबची ओळ संपली आणि पहिल्या बाकावर वाळूचा ढीग उरला. समोरची भिंत पुढे सरकली आणि ढिगासकट बाक आत घेऊन उभी राहिली.

दहाची गोष्ट आता विसरायलाच हवी होती. हनोखनी गुंडाळी मिटायला घेतली, ती मिटेना, आणि जीभ तर पुढच्या ओळीवर पोचलीही होती. अदोम गेला, अम्मोन गेला. सोरची पाळी आली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे बिचाऱ्याला कमी लागेल.

"मोठ्याने वाचा," सोर म्हणाला. "नीट ऐकू येऊ दे."

निनवे जाताना मान डोलावून गेला. शेवटी भिंत हनोखच्या अगदी समोर येऊन थांबली. मधे एकच रिकामं बाक मावत होतं. सेगुला गेली त्या दिवशीसुद्धा त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नफ्ताली आत आला. खांद्यावर बॅग, केस पार पांढरे झालेले. तो बाकावर बसला तेव्हा त्याचे गुडघे बापाच्या गुडघ्यांना लागले.

"फोन लागत नव्हता तुमचा," तो म्हणाला. "प्रत्येक ठिकाणचं एक माणूस पाहिजे म्हणाले. अश्दोदकडून मी आलो."

हनोखना त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. पण हात गुंडाळीवर होते, आणि पुढची ओळ अश्दोदवरच्या निवाड्याची होती; ते शहरही त्याच ग्रंथातलं.

"वाचा ना, बाबा. थांबायचं नसतं, तुम्हीच शिकवलंय."

हनोखनी ओळीतला पहिला स्वर उचलला आणि तो सोडला नाही. वडील सणावारी लांबवायचे तसा ते तो लांबवत राहिले. स्वर चालू होता तोवर नफ्ताली नफ्तालीच होता. तो बॅगेतून पाण्याची बाटली काढून प्याला, त्याने ओठ पुसले.

"आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?" त्याने विचारलं.

स्वर न सोडता हनोख त्याच्याकडे बघत होते. छातीत अजून थोडा श्वास होता.