पडद्यावर थिजलेला डॉक्टर

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. हृदयाचे डॉक्टर तिथे नसतात. ते चंद्रपूरला बसतात आणि ठरलेल्या दिवशी टॅबच्या पडद्यावरून पेशंट तपासतात. टॅब सांभाळायचं आणि पेशंटचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगायचं काम केसरबाईंकडे होतं. केसरबाई मूळच्या आरमोरीकडच्या, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि शेजारणींसोबत राहून राहून गोंडी बोलायला लागल्या. दवाखान्यात त्यांच्याइतकी गोंडी कोणालाच येत नव्हती.

दिवाळीनंतर टॅब त्रास द्यायला लागला. डॉक्टर दिसायचे, एकदोन वाक्यं बोलायचे आणि तसेच थिजायचे. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटायच्या बेतात.

मंगली समोर बसली होती तेव्हाही तसंच झालं. मंगली म्हातारी होती. पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप लागायची. तिनं हिंमत करून सांगितलं, की आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून मी भिंतीला टेकून बसूनच झोपते. केसरबाईंनी ते मराठीत सांगितलं. डॉक्टर मंगलीकडे नुसते बघत राहिले. मंगलीनं वाट पाहिली, मग पदर सावरून उठली.

"त्याला माझं बोलणं आवडलं नाही," ती गोंडीत म्हणाली.

केसरबाईंनी परोपरीनं समजावलं. पण मंगली घरी निघून गेली ती पुन्हा आलीच नाही.

त्यानंतर दवाखान्याचे डॉक्टर प्रफुल एकदा सहज बोलून गेले, की टॅब काही दिवस मयुरी सिस्टरकडे देऊन बघू. केसरबाईंनी ते ऐकलं. आपल्याच हातानं काहीतरी चुकीचं दाबलं जातं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

प्रफुल सरांनी चंद्रपूरहून नूतनला बोलावलं. नूतन भद्रावतीची. इंटरनेट आणि वायफायची कामं ती करायची. आल्या आल्या ती नव्या इमारतीतल्या तपासणीच्या खोलीत गेली. भिंतीवर वायफायचा पांढरा डबा होता, दिवा हिरवा होता. तिनं टॅब बंद करून चालू केला, चंद्रपूरला फोन लावला. चित्र स्वच्छ आलं. तरीही मनात शंका नको म्हणून तिनं तो डबा बदलून दुसरा लावला.

"झालं," ती प्रफुल सरांना म्हणाली. "डबाच खराब असन."

परतीची बस निघून गेली होती, म्हणून ती मयुरी सिस्टरच्या क्वार्टरमध्ये थांबली. सकाळी ती बॅग भरत असताना केसरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बेटा, पुन्हा तसंच झालं. मी काहीच नाई केलं. नुसता चालू केला."

नूतनला आधी स्वतःचाच राग आला. काल घाईनं 'झालं' म्हटलं होतं तिनं. तिनं बॅग खाली ठेवली.

"बाई, तुम्ही रोज सकाळी टॅब कुठून घेता, कसा चालू करता, ते सगळं मले करून दाखवा. मी मागंमागं येते."

"मी करीन तर पुन्हा बिघडन."

"बिघडू द्या. बिघडताना पाह्यचंच हाय मले."

केसरबाई तिला अंगणापलीकडच्या जुन्या इमारतीत घेऊन गेल्या. तिथल्या औषधांच्या कपाटात टॅब चार्जिंगला लावलेला असायचा. त्यांनी तो काढला, बटण दाबलं, पडदा उजळला. मग दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या अंगण ओलांडून नव्या खोलीत आल्या आणि टॅब टेबलावर ठेवला. नूतननं तिथेच लॅपटॉप उघडला. कोणता डबा कोणत्या यंत्राशी जोडलाय, ते त्यात दिसायचं.

ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग हसली.

"बाई, इकडे या. हे पाहा. नवा डबा आपल्या डोक्यावर हाय, पण टॅब अजून जुन्या इमारतीतल्या डब्यालेच धरून बसला हाय. दोन्ही डब्यांचं नाव एकच ठेवलं, पासवर्ड एकच. तुम्ही तिथी चालू केला, त्यानं तिथलं वायफाय पकडलं. इथी आणला तरी त्याले तिथलं थोडंसं येतेच, म्हणून सोडत नाई. आणि तेवढ्याशा जोरावर माणसाचं चित्र काही चालत नाई."

"मंग काल काऊन चाललं?"

"काल मी इथी बंद करून इथीच चालू केला. म्हणून त्यानं इथलंच पकडलं. डब्यात काहीच खराबी नव्हती."

केसरबाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे माझ्या हातानं नाई बिघडत."

"नाई. तुमच्या हाताचा काही संबंध नाई."

केसरबाईंनी टॅबच्या काचेवरून पदर फिरवला.

नूतननं आधी जुन्या डब्याचा जोर कमी केला. टॅबनं नवा डबा पकडला, पण थोड्याच वेळात मयुरी सिस्टर क्वार्टरमधून आल्या. त्यांच्या मोबाईलचं वायफाय गेलं होतं. क्वार्टरला जुन्याच डब्याचा आधार होता. नूतननं जोर पूर्ववत केला आणि दुसरा उपाय केला. नव्या खोलीतल्या डब्याला वेगळं नाव दिलं आणि टॅबमधून जुनं नाव काढून टाकलं. आता टॅब जुन्या इमारतीत चालू केला, की तो काहीच न पकडता तसाच राहायचा. खोलीत आणला की तिथलं वायफाय पकडायचा. केसरबाईंनी अंगणातून तो पुन्हा पुन्हा नेऊन आणून पाहिला. नूतनला पुरे वाटलं तरी त्यांना वाटेना.

मग त्यांनी प्रफुल सरांकडे जाऊन सांगितलं, "साहेब, मी मंगलीले घेऊन येते."

"येईल का ती?"

"मी सांगते तिले."

सरांनी दवाखान्याची जीप दिली. मंगलीच्या गावात धानाची कापणी चालली होती. ती खळ्याच्या कडेला बसून होती. केसरबाई तिच्याशी काय बोलल्या ते ड्रायव्हरला कळलं नाही, पण बराच वेळ बोलल्या. शेवटी मंगली त्यांचा हात धरून जीपमध्ये चढली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मुद्दाम वेळ काढला. पडद्यावर ते दिसले, नमस्कार केला. मंगली त्यांच्याकडे टक लावून बसली. एक शब्द बोलेना. डॉक्टर विचारत राहिले, केसरबाई गोंडीत सांगत राहिल्या.

मग मंगलीनं केसरबाईंच्या कानाशी तोंड नेलं. केसरबाई हसू दाबत म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ती म्हणते, हात हालवून दाखवा."

डॉक्टरांना आधी समजलं नाही. मग त्यांनी हात वर करून हलवला. मंगलीनंही आपला हात वर केला. डॉक्टरांनी पुन्हा हलवला. तेव्हा कुठे ती खुर्चीत नीट टेकली आणि बोलायला लागली. पायांचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, आणि मागच्या वेळी तुम्ही रागावून गप्प बसलात, हेही सांगितलं.

"रागावलो नव्हतो, मावशी," डॉक्टर म्हणाले. "मलाही तुम्ही दिसत नव्हतात. मी इकडून हाका मारत होतो."

केसरबाईंनी ते सांगितल्यावर मंगलीनं पडद्यावरच्या डॉक्टरांकडे पुन्हा पाहिलं. मग मान डोलावली.

डॉक्टरांनी औषध लगेच सुरू करायला सांगितलं आणि हृदयाच्या तपासणीसाठी चंद्रपूरला बोलावलं. मंगलीनं आयुष्यात चंद्रपूर पाहिलं नव्हतं. "केसर सोबत असेल तर येते," एवढंच ती म्हणाली. प्रफुल सरांनी केसरबाईंची रजा तिथेच मंजूर केली, आणि तितके दिवस टॅब मयुरी सिस्टरनं सांभाळायचं ठरलं. कुठे चालू करायचा आणि कुठे न्यायचा, ते केसरबाईंनीच त्यांना दाखवून दिलं.

पुढे महिनाभरानं नूतननं फोन केला. टॅब कसा चाललाय, तिनं विचारलं.

"चालून राह्यला," केसरबाई म्हणाल्या, आणि लगेच मंगलीचं सांगायला लागल्या. पायांची सूज उतरली होती. काम करायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ती खळ्यावर बसून सुनांना हुकूम सोडत होती, आणि सुना कंटाळल्या होत्या. आणि आता ती आडवी होऊन झोपत होती.