चष्मेवाल्यांची वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे, चष्म्याच्या दुकानाची. वय वर्षं नऊ. आमच्यात एवढ्या वयाला पणजी म्हणतात.

मला दुकानमालकांच्या जावयांनी घडवलं. घडवलं म्हणजे नटवलं. मी उघडताच बासरी वाजायची, मग मालकांचा हसरा फोटो हळूहळू सरकत यायचा. मजकूर फिकट राखाडी रंगावर थोड्या कमी फिकट राखाडी अक्षरांत, मुंगीएवढा. फोन नंबर होता की! पाचव्या पानावर, दुकानाच्या इतिहासात, आजोबांच्या आजारपणानंतर.

घरच्यांनी तोंड भरून कौतुक केलं. जावयाच्या कामाला नावं कोण ठेवणार? सासूबाईंनी तर मला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा आवाज बंद करून.

लोक यायचे आणि चार सेकंदांत जायचे. मला वाटायचं, दिपून जातात. दुकानात मात्र माशी फिरकेना. शेवटी मालकांनी बायकोच्या कानात सांगितलं की महिनाअखेरीला मला बंद करायचं, जावयांना कसं सांगायचं ते तिनं बघावं.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई भिंतीला धरून धरून दुकानात आल्या. चष्मा फुटला होता. फोन नंबरासाठी अर्धा तास मला नाकाशी धरून बसल्या होत्या.

"तुमची वेबसाइट वाचायला चष्मा लागतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

जावई तिथेच उभे होते. मालकांनी घाईघाईनं बाईंना खुर्चीत बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. वरचं मोठं अक्षर त्यांनी लगेच वाचलं, खाली अडखळल्या. जावयांनी तक्त्याकडे पाहिलं, स्वतःचा चष्मा काढला आणि मला उघडलं. बासरी तेवढी ऐकू आली.

"बाबा, आधी का नाही बोललात?"

"जावईबापू, तुम्ही एवढ्या हौसेनं केलेलं..."

त्याच दुपारी मी त्या तक्त्यासारखी झाले. सर्वांत वर ठळक काळ्या अक्षरांत फोन नंबर, खाली वेळ, मग पत्ता. बासरी गेली. अगदी तळाशी मुंगीएवढी एकच ओळ उरली : 'हे वाचता येत असेल, तर आमच्याकडे यायची गरज नाही.'

लोक आजही चार सेकंदांतच जातात, पण दुकानाला फोन लावून जातात. मी सुखात आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही वेबसाइट बनवाल, तेव्हा ती आजीला दाखवा. ती 'छान' म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. तिला फोन नंबर शोधायला सांगा.