काट्यावर न आलेला भात

विद्यापीठाच्या खाणावळीत मावशींनी अठरा वर्षं भात शिजवला आणि अठरा वर्षं उरलेला भात मुकाट्याने फेकलाही. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं भांडी घासून होईपर्यंतच टिकायचं.

मग ती पोरगी वजनकाटा घेऊन आली. संशोधन करणारी, बारीक चणीची, बोलायची कमी आणि लिहायची जास्त. स्वयंपाकघराने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘तराजू’ ठेवलं आणि तीही त्या हाकेला ओ देऊ लागली. दुपारची जेवणं उरकली की ती दोन टब काट्यावर ठेवायची. हिरव्या टबात ताटांतलं उष्टं, निळ्यात पातेल्यांतलं उरलेलं. जगभरच्या देशांनी मिळून ठरवलंय, वाया जाणारं अन्न निम्म्यावर आणायचं, असं ती सांगायची. ठरवणारे ठरवून मोकळे झाले. कसं आणायचं ते विद्यापीठांनी शोधायचं.

पहिल्या महिन्यात तिने नुसतं वजन केलं. रोजचे सरासरी अडतीस किलो. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आकड्यात आली आणि मावशींच्या मनातून हलेना. दुसऱ्या महिन्यात तराजूने भिंतींवर फलक लावले, ‘हवं तेवढंच वाढून घ्या.’ त्याच आठवड्यात मावशींनीही आपल्यापुरता एक नेम धरला. खाणावळीमागे नव्या ग्रंथालयाचं बांधकाम चाललं होतं. काटा मांडायच्या आधी मावशी उरलेला भात आणि बटाटे दोन मोठ्या डब्यांत भरायच्या आणि मागच्या दाराने मजुरांना देऊन यायच्या. शिजवलेलं अन्न बाहेर न्यायला सक्त मनाई होती. कुणाला बाधलं तर जबाबदार कोण, म्हणून. तेवढं मावशी जाणून होत्या. पण त्या डब्यांचा तराजूच्या वहीशी काही संबंध असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट, पोरीचं ओझं थोडं हलकं होतंय, असंच त्यांना वाटायचं.

दोन महिने असे गेले. मग एका दुपारी तराजू वही छातीशी धरून आत आली.

“मावशी, अडतिसावरून अठरा. फलकांनी निम्म्याच्याही खाली आणलं. परवा परिषदेत माझे मार्गदर्शक सर मलाच बोलायला लावणार आहेत. साठ विद्यापीठांची माणसं येतायत. पटलं तर सगळीकडे असेच फलक लागतील.”

मावशींनी तोंड भरून कौतुक केलं. ती गेल्यावर मात्र त्या हातातला झारा तसाच धरून उभ्या राहिल्या.

त्यांची नणंद तिथेच भांडी घासायला होती. तिची नजर चुकणं कठीण.

“वहिनी, पोरगी पास झाली आणि तू नापास झाल्यासारखी का उभी?”

“वन्सं, ते फलकांनी नाही झालं. आपल्या डब्यांनी झालंय.”

“आपल्या नको म्हणूस. डबे तुझे. मी फक्त झाकणं लावली.”

“झाकणं लावणारीची नोकरी राहते का हो?”

“म्हणून तर सांगते, गप्प बस. पोरीचं नाव होतंय, मजुरांचं पोट भरतंय, आपली नोकरी शाबूत. यात कुणाचं बिघडलं, सांग बरं.”

रोज सकाळी शेगडी पेटवण्याआधी मावशी डोळे मिटून एकच मागणं मागायच्या, आज हातून कुणाची फसवणूक होऊ नये. दुसऱ्या दिवशी डोळे मिटले, पण शब्द काही पुढे सरकेनात. साठ स्वयंपाकघरं दिसू लागली. साठ भिंतींवर फलक आणि साठ टब काठोकाठ.

“वन्सं,” त्या उठून म्हणाल्या, “फलक साठ ठिकाणी लागतील. डबे कोण नेणार?”

नणंदेने हातातली घासणी आपटली. “जा बाई. तुझं तोंड धरून ठेवणं मला या जन्मी जमायचं नाही.”

तराजू जेवणघराच्या कोपऱ्यात संगणक उघडून बसली होती. मावशींनी समोर बसून सगळं सांगितलं. मागचं दार, मजूर, दोन डबे, सगळं. तराजूने पडद्यावरच्या उतरत्या रेघेकडे पाहिलं.

“रोज?”

“रोज. मला ताप आला होता तो एक दिवस सोडून.”

“कोणता दिवस?”

मावशींनी सांगितला. तराजूने वहीची पानं उलटली आणि एका जागी बोट थांबलं. त्या दिवशीचं वजन अडतीस होतं. त्यावर तिने स्वतःच्या हाताने काट मारून बाजूला लिहिलं होतं, ‘काटा बिघडला असावा.’

“मावशी, हा एकच दिवस खरा होता,” ती हळू म्हणाली, “आणि मी तोच खोडला. मला हवी होती ती रेघ बिघडत होती ना.”

मग तिने उठून एक डबा भरून काट्यावर ठेवला. दहा किलो. दोन डब्यांचे वीस. अठरा आणि वीस, अडतीस. फलक वाचून पोरं कमी वाढून घेत होती हे खरं. पण ताटात पडायचं ते आता पातेल्यात राहत होतं, एवढाच काय तो फरक.

दोघींनी जाऊन सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. “मग उद्या बोलायला उरलं काय?”

“फलकांनी काही झालं नाही, हे उरलं,” तराजू म्हणाली. “आणि का झालं नाही, ते माझं मावशींना विचारायचं राहिलं, हेही.”

“मग आता विचार,” सर म्हणाले.

ती मावशींकडे वळली. “इतका भात का उरतो?”

मावशींना नवलच वाटलं. अठरा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“मला सहाशेचा शिजवायला सांगितलाय. कोणत्या दिवशी कुणाला सुट्टी, कधी परीक्षा, कोण सहलीला गेलंय, मला काय ठाऊक? कधी सहाशे येतात, कधी चारशे. भात काय दार बघून शिजतो?”

सुट्ट्यांची आणि परीक्षांची वेळापत्रकं सरांच्याच मजल्यावरून निघत होती.

परिषदेत तराजूला टाळ्या थोड्याच मिळाल्या. मावशींना आणि नणंदेला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. अन्न तपासून मजुरांना देता यावं म्हणून सरांनी अर्ज केला होता. उत्तर येईपर्यंत एक डबाही बाहेर न्यायचा नाही, असा हुकूम आला.

त्या दुपारी मावशींनी पातेलं उचललं आणि आपल्या हाताने, सावकाश, सगळा भात निळ्या टबात ओतला. नणंद तोंड फिरवून उभी राहिली.

तराजूने आकडा लिहिला. या वेळी खोडला नाही.

“उद्या किती जण आहेत?” मावशींनी विचारलं.

“चारशे तीस,” तराजू म्हणाली. “सकाळीच विचारून आले.”