पाण्याची चावी

नळ खाकरला.

तोवर स्वयंपाकघरात कसलाच आवाज नव्हता. मितालीनं कणकेवर झाकण ठेवलं, तेवढ्यात नळाच्या घशात आणखी दोनदा खरखरलं आणि पाणी असं जोरात आलं की खालची बादलीच कलंडली. सकाळचे सहा. भाऊपुऱ्यात कुणाचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल, कुणाचं मागे, पण प्रतापसिंहांची चावी सहाला म्हणजे सहालाच फिरायची.

प्रतापसिंह मितालीचे थोरले दीर. घराला घर लागून, मधे एकच भिंत. गावच्या पाण्याचे वॉल्व उघडायचं काम बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं. चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी कांब, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यात ती उभी उतरवायची आणि दोन्ही हातांनी जोर लावून फिरवायची. घरी आणली की ती ओसरीच्या कोपऱ्यात टेकलेली असे, आणि मुलांनी तिला हात लावायचा नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, ही त्या घरची जुनी रीत. शहरात, दांडिया बाजारात वाढलेल्या मितालीला पहिलं वर्षभर त्याचं हसू यायचं, मग सवय झाली. समोरासमोर असले तरी निरोप तिसऱ्यानं न्यायचा. आधी हे काम सासूबाई करत. भक्ती बोलायला लागली तसं कमळाबाईंनी ते नातीवर सोपवलं. आता भक्ती सहा वर्षांची होती आणि या कामाचा तिला फार अभिमान होता. काका ओसरीवरून म्हणत, "भक्ती, आईला सांग, चहात साखर कमी पडली." मिताली तीन हातांच्या अंतरावर उभी असे, तिनं ऐकलेलं असे. तरी भक्ती हात मागे बांधून वळे आणि शब्द न शब्द म्हणून दाखवी. कधी मधेच स्वतःच्या मनानं "प्लीज" घाली. तेव्हा प्रतापसिंह मिशीतल्या मिशीत हसत.

पाण्यावरून गावात रक्त सांडायला लागून महिना झाला होता. शहराच्या कडेच्या गोत्रीच्या सोसायट्या संपल्या की अर्ध्या तासावर भाऊपुरा. पागेतल्या शिपायांच्या वंशातली पंधरावीस मराठी घरं, बाकी गुजराती वस्ती, आणि सगळ्यांना मिळून एकच पाइपलाइन. मधल्या फळियांतल्या, म्हणजे गल्ल्यांतल्या, लोकांनी नळाला थेट मोटारी लावल्या होत्या. त्या पाणी ओढून घेत आणि शेवटच्या फळियात, ज्याला सगळे छेवाडा म्हणत, नळातून नुसती हवा येई. गेल्या रविवारी तिथे एका घागरीवरून दोघी भिडल्या. एकीचा दात पडला. दुसरी कोमल; स्टीलच्या घागरीच्या काठानं तिची भुवई हाडापर्यंत फाटली. मितालीनं आपल्या पदरानं ती दाबून धरली तेव्हा कोमल तोंडात आलेलं रक्त थुंकून म्हणाली, "मेंबरबेन, धुवायला तुमच्या नळावर न्या. आमच्या नळावर फुंकर तेवढी मिळेल."

मिताली पंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर निवडून आली होती, ती छेवाड्याच्या मतांवर. तिनं ठराव मांडला: साध्या नळाला जुनाच दर, मोटारवाल्या नळाला तिप्पट. सरपंच भास्करराव मावा चघळत म्हणाले, "ठराव सरस छे. पण मोटारी मोजणार कोण? तुम्हीच मोजा ने, बेन." बाकीचे मेंबर हसले.

तिनं मोजल्या. तीन दिवस, सकाळी पाण्याच्या वेळेला, भक्तीचं बोट धरून. लोकांनी मोटारी गोदड्यांत गुंडाळल्या होत्या, आवाज येत नसे. पण मोटार चालू असली की बाहेरचा पाइप बारीक थरथरतो, आणि भांडी घासून राठ झालेल्या तळव्याला जे कळत नाही ते लहान मुलाच्या हाताला लगेच कळतं. भक्ती पाइपला हात लावी, डोळे मिटे आणि सांगे, "याला थंडी वाजतेय." मिताली वहीत लिही. अकरा घरं झाली.

बारावं भिंतीपलीकडचं. प्रतापसिंहांनी वर दोन खोल्या काढून कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या आणि पाणी वर चढत नव्हतं. मोटार बसवून दिली होती रणवीरनं, मितालीच्या नवऱ्यानं; तो फिटर होता. वडील गेले तेव्हा रणवीर नऊ वर्षांचा. त्याला शाळेत घातलं दादानं, आयटीआयला घातलं दादानं, ताप आला की उशाशी बसायचा तोही दादाच. भक्तीनं त्या पाइपलाही हात लावला आणि काय ते सांगितलं. मितालीनं पेन्सिल वहीत घालून वही मिटली.

"दादाचं लिहिलंस?" जेवताना रणवीरनं विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग दोघांनीही ताटातून मान वर केली नाही.

आज नऊला ग्रामसभा होती. पंचायतीसमोर मंडप घातला होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष, सतरंजीवर बायका, आणि पाऊण छेवाडा उभाच. मिताली ओट्यावर उभी राहिली, पदर डोक्यावर, कारण दीर समोर होते. वॉल्व बंद करून ते तडक आले होते आणि चावीवर हात टेकून खांबाशी उभे होते. भक्ती आईच्या पायाशी बसून बोटांवर नावं मोजत होती.

तिसऱ्या नावाला पहिली शिवी आली. पाचव्याला कुणीतरी खुर्ची पुढे फेकली, ती ओट्याच्या कडेला आपटून फुटली. "हिच्या बापाचं पाणी आहे काय?" सातव्या नावाचा माणूस छेवाड्याच्या एका पोराच्या गळ्याला झोंबला आणि दोघं सतरंजीवर बायकांच्या अंगावर पडले. मिताली वाचत राहिली. आवाज फाटत होता, तरी तिनं अकरावं नाव घेतलं आणि वही मिटली.

भक्तीनं वर पाहिलं. शाळेत कुणी पाढ्यातला आकडा गाळला की ती अशीच बघायची.

"आई, मोठ्या काकांचा राहिला," ती म्हणाली. "त्याला पण थंडी वाजते."

भास्कररावांनी माइक मितालीसमोर धरला होता. ते सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

आधी लोक हसले. तिथेच सगळं बिघडलं. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्याला विसरतो, हसणारा प्रत्येक चेहरा मात्र लक्षात ठेवतो. मागून कुणीतरी ओरडलं, "चावीवाळोज चोर!" आणि एक चप्पल येऊन प्रतापसिंहांच्या छातीवर बसली. पांढऱ्या सदऱ्यावर चिखलाचा तळवा उमटला. ज्या माणसानं बावीस वर्षांत पाण्याला एक मिनिट उशीर केला नव्हता, तो त्या डागाकडे बघत राहिला.

मग ते बोलले. आवाज नेहमीचाच होता. "भक्ती. आईला विचार, माझं नाव तिनं लिहिलं होतं का."

भक्ती उठली, हात मागे बांधून वळली. "आई, मोठे काका विचारतात, तू त्यांचं नाव लिहिलं होतंस का?"

होतं म्हणावं, तर भरल्या सभेत दिराची अब्रू जाणार. नव्हतं म्हणावं, तर वहीच खोटी. मितालीला एकदम वाटलं, मुलीला उचलावं आणि चालू लागावं, थेट दांडिया बाजारापर्यंत.

"सांग," ती म्हणाली, "नव्हतं लिहिलं."

भक्तीला निरोप न्यायची वेळच आली नाही. अकरा घरं एकदम ओट्यावर चढली. वही कुणी हिसकली, कुणी फाडली. मितालीची वेणी कुणाच्या तरी मुठीत आली आणि ती गुडघ्यांवर पडली. पाठीत लाथ बसली. तिनं भक्तीला पोटाखाली घेतलं. कोमल कुठून आली कळलं नाही. ती वेणी धरणाऱ्याच्या मनगटाला दातांनी लटकली आणि तिची टाके घातलेली भुवई पुन्हा उसवली.

"सोडा तिला." रणवीर ओट्यावर चढला होता. "मोटार आहे. मीच बसवलीय. लिहा बारावं नाव."

तो दादाकडे बघत बोलला. कदाचित त्याला वाटलं असेल, आपण बोललो तर दादाला बोलावं लागणार नाही.

प्रतापसिंहांनी चावी दोन्ही हातांनी उचलली, वॉल्वला लावताना उचलत तशीच. भावजयीच्या अंगावर हात टाकायचा नाही, ही रीत त्यांनी त्या क्षणीही मोडली नाही. जे तिच्यावर उगारायचं होतं ते सगळं भावावर आलं. पहिला फटका खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज माइकमधून गावभर गेला. दुसरा कानाच्या वर, चौकोनी तोंडानं. रणवीर कुणी खुर्ची पुढे केल्यासारखा सावकाश खाली बसला. कानातून रक्त मानेवर आलं आणि कॉलरच्या आत गेलं.

मग छेवाडा सुटला. पहारी, कोयते, विटा, जे हाती लागेल ते. कुंपणं मोडून पोरं घरांत शिरली, गोदड्या फाडून मोटारी बाहेर ओढल्या आणि रस्त्यावर ठेचल्या. एक मोटारवाला आडवा आला, त्याला वॉल्वच्या खड्ड्यात ढकललं. त्याचा पाय गुडघ्यापासून भलतीकडे वळला आणि तो बाळासारखा रडायला लागला. कापलेल्या पाइपांतलं उरलंसुरलं पाणी रस्त्यावर आलं. त्याच चिखलात आजवर पाण्यासाठी भांडलेल्या बायका एकमेकींना उचलत होत्या.

प्रतापसिंहांनी रणवीरला दोन्ही हातांवर घेतलं, लहानपणी तापात घेत असतील तसं, आणि मंडपाबाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये मागे ठेवलं. सवयीनं चावीही मागे टाकली. मितालीच्या मांडीवर नवऱ्याचं डोकं आणि पायाशी ती कांब. कांबेच्या चौकोनी तोंडाला केस चिकटले होते.

प्रतापसिंहांनी जीप शहराकडे काढली. भक्ती पुढच्या सीटवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसली होती.

"भक्ती, आईला सांग, मान वर धर."

"आई, मान वर धर."

"आईला सांग, झोपू देऊ नको. बोलत राहा म्हणावं."

"आई, बाबांना झोपू देऊ नको. बोलत राहा."

एकाही निरोपात प्लीज नव्हतं. गोत्रीच्या आधी तिनं हात लांब करून बाबांच्या हाताला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबांना थंडी वाजतेय." हे कुणीच सांगायला सांगितलं नव्हतं. प्रतापसिंहांच्या घशातून एक आवाज आला आणि जीपचा वेग वाढला.

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आले. जीव आहे, म्हणाले. एका कानानं ऐकू येणार नाही, बाकीचं तीन दिवसांनी कळेल. मिताली बाकावर बसली. हातांवरचं रक्त वाळून तडकत होतं.

हॉस्पिटलातल्या पोलीस चौकीचा जमादार कागद घेऊन आला. बरा माणूस होता, तिच्यासाठी त्यानं आधी चहा मागवला. "बेन, कुणी मारलं आणि कशानं, एवढं सांगा. गावातून चार नावं आलीत, छेवाड्यातली. दंगल त्यांनीच केली म्हणतात सगळे." त्यानं कागद फिरवून दाखवला. पहिलं नाव कोमलच्या नवऱ्याचं होतं. तो दंगलीत कोमलचं कपाळ दाबून रस्त्याच्या कडेला बसला होता. जीप त्याच्याजवळून गेली तेव्हा मितालीनं पाहिलं होतं.

रिक्षानं आलेल्या कमळाबाई शेजारी बसल्या. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला, लग्नानंतर पहिल्यांदाच. "ओट्यावरून पडला म्हण," त्या हळू बोलल्या. "एक लेक आत पडलाय, दुसरा तरी बाहेर राहू दे. त्यानंच वाढवलंय गं याला."

कोमलचा फोन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा मितालीनं उचलला. "बेन, गाडी आलीय पोलिसांची," कोमल म्हणाली. ती रडत नव्हती. "तुम्ही सांगितलंत ना?"

मितालीनं फोन उलटा ठेवला. ती गप्प राहिली तर चार निरपराध माणसं आत जाणार होती. आणि नाव तोंडातून काढायचीही गरज नव्हती. ती कांब कुणाची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि कांबेच्या तोंडाशी रणवीरचे केस होते. कांब अजून जीपमध्येच होती. जमादार टेबलाशी जाऊन पेनचं टोपण काढून बसला होता, घाई न करता.

काचेच्या दारापलीकडे, पायऱ्यांवर, प्रतापसिंह बसले होते. पळून गेले नव्हते. सदऱ्यावर चपलेचा डाग आणि भावाचं रक्त एकमेकांत मिसळलं होतं. त्यांनी भक्तीला जवळ बोलावलं, तिच्याशी काहीतरी बोलले. भक्तीनं मान हलवली. मग ते उठून जीपकडे गेले, मागचं दार उघडलं आणि कांब दोन्ही हातांवर आडवी घेऊन भर उन्हात उभे राहिले, दाराकडे तोंड करून.

भक्ती आत आली. जमादारासमोरून, आजीसमोरून चालत आईपुढे येऊन उभी राहिली. वाळलेल्या रक्तानं फ्रॉक पुढून कडक झाला होता. तिनं हात मागे बांधले आणि एकही शब्द सुटू नये म्हणून सावकाश बोलली.

"आई, मोठे काका विचारतात, उद्या सहाला पाणी सोडायचंय. चावी कुणाकडे देऊ?"