लोकरीचा नकाशा

रविवारी सकाळी अकरा वाजता सानपाड्याच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर एकच सही राहिली होती, नंदकिशोर प्रधानांची. त्यांच्या पत्नी चारुलताबाईंना दिसत नसे, पण हे घर त्यांच्या हातांना पाठ होतं. नव्या घरात त्या चाचपडतील, एवढीच नंदकिशोरांची धास्ती.

सेक्रेटरी मनाली नव्या फ्लॅटचा नकाशा घेऊन आली. भिंतींच्या रेघांवर तिने लोकर चिकटवली होती.

“काकू, बोट फिरवा. हे दार.”

चारुलताबाईंचं बोट स्वयंपाकघरात थांबलं. “ओटा उजवीकडे? माझा डावीकडे आहे गं.”

“बिल्डरला सांगते, बदलेल.”

“आणि ही बाल्कनी? ह्यांना पेपर घेऊन तिथेच बसवेन.”

नंदकिशोरांनी हसत पेन बंद केलं. “ओट्याचं लेखी आण, मग सही.”

बुधवारपर्यंत बिल्डरचं उत्तर आलेलं नाही. नकाशा चारुलताबाईंच्या उशाशी आहे.